म्हातारीची पाठवणी

१२ मे

म्हातारी ऑगस्टात जाणार. सकाळी क्लबच्या दारावर नोटीस लागली आणि दुपारपर्यंत माझ्या बेकरीतल्या रांगेने तीच एक गोष्ट चघळली.

खरं तर आनंदाने नाचायला हवं होतं. धक्क्याला बांधलेली ती शेवटची पाणबुडी. बाकीच्या एकेक करून गेल्या, हीच राहिली. माझी उस्तीन्या शाळेत जायला लागली तेव्हा हिला इथे आणून बांधली, आणि आता उस्तीन्याला चौथा महिना लागलाय. गंजून पोटाला भोकं पडली, म्हणून दोन्ही कुशींना मोठाल्या लोखंडी टाक्या बांधून तिला तरंगत ठेवली आहे. अणुभट्टीतलं इंधन अजून तिच्या पोटातच. आणि धक्का आमच्या घरांना इतका लागून, की मी धुणं वाळत घालत असले तर तिच्यावरचा पहारेकरी शिंकलेला मला ऐकू येतो.

पण ती जाणार कशी, ते खाली लिहिलं होतं. टगबोटीने ओढून न्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने, पार तोडणीच्या गोदीपर्यंत. वाटेत पाणी शिरलं तर उपसायला आठ माणसं तिच्यावरच ठेवायची. आठांत आमचा जावई, रोदियोन.

मागे एकदा, ऑगस्टातच, अशीच एक पाणबुडी ओढून नेताना वादळात बुडाली. वरची माणसं तिच्याबरोबर गेली. आमच्या गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही.

"आई, हुकूम आहे तो. रडून काय होणार?" उस्तीन्या म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. मी नुसती पिठात हात घालून उभी. माझा नवरा गेन्नादी असता तर रात्री त्याच्याशी बोलले असते. तो स्वतः पाणबुडीवरचा मेकॅनिक, त्याने दोन शब्दांत काय ते सांगितलं असतं. त्याला जाऊनही आता वर्षं झाली. म्हणून ही वही काढली. बघू किती दिवस लिहिते ते.

१५ मे

येलिझार फोमिच पाव घ्यायला आले. हे इथले वेल्डर. म्हातारीच्या टाक्यांना ठिगळं लावण्यातच त्यांची हयात गेली. नेहमी रांग संपल्यावर येतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मोडका, करपलेला पाव येतो. लवकर या म्हणून मी कितीदा सांगितलं, तरी शेवटीच येतात. विचित्र माणूस आहे.

पाव बगलेत मारून उभेच राहिले. म्हणाले, "कापितोलिना साव्विश्ना, तुमच्या जावयाला वेल्डिंग येतं का?"

"त्याला इंजिन कळतं."

"म्हातारीला इंजिन उरलंय कुठे?"

"मग?"

"मग काही नाही. टाकी फाटली तर तिथे त्याचा उपयोग बादलीएवढाही नाही. एवढंच म्हणत होतो."

मला असा राग आला. जावई माझा आहे, त्याला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन. तोंडावर म्हटलं, "तुम्ही तुमची ठिगळं सांभाळा." ते हो म्हणाले आणि गेले. भांडणसुद्धा धड करता येत नाही या माणसाशी. घरी रोदियोनला सगळं सांगितलं, तर तोही चिडला.

३ जून

रोदियोनचं नाव यादीतून काढलं. त्याच्या जागी येलिझार फोमिच.

आधी मी सेंट निकोलाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आणि ती लावून होते न होते तोच रोदियोन घरात आला. तोंड पडलेलं. "मला नालायक ठरवलं," म्हणाला. "त्या थेरड्याने कॅप्टनकडे जाऊन सांगितलं असणार, हा पोरगा कामाचा नाही म्हणून." जेवलाही नाही. उस्तीन्या आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसत होती की रडत होती, देव जाणे.

मलाही काय वाटावं ते कळेना. जीव भांड्यात पडला हे खरं. पण साठीच्या माणसाने असं करावं? शेजारची नोन्ना म्हणते, त्याला मरायच्या आधी छातीवर एक बिल्ला हवाय. असेलही. गेन्नादी म्हणायचा, एकटा राहणारा पुरुष म्हातारपणी चमत्कारिक होतो.

२१ जून

क्लबात सभा झाली. कॅप्टन द्रोझ्दोव स्वतः आले होते. पोटाच्या अल्सरचा माणूस, सभेतसुद्धा थर्मासमधलं कोमट दूध पीत बोलतात. नकाशा टांगला, वारा कुठून, वाटेत थांबा कुठे, सगळं सांगितलं. मग विचारलं, कुणाला काही शंका?

आणि मी उभी राहिले. का ते अजून कळत नाही. त्या यादीत आता माझं कुणीसुद्धा नव्हतं.

"आठ माणसं वर कशासाठी, कॅप्टनसाहेब?"

"पाणी शिरलं तर उपसायला."

"आणि उपसून भागलं नाही तर?"

"टगबोट जवळच असेल."

"वादळात टगवाले दोर तोडतात. मग जवळ कोण राहतं?"

कॅप्टननी थर्मासचं झाकण लावलं, परत उघडलं. मागून नोन्ना म्हणाली, "माझा पोरगा लाव्रेन्ती मी नौदलाला दिला तो पहाऱ्याला. भोकाला बूच म्हणून नाही दिलेला." लोक हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या फेरीसाठी माझ्या भट्टीतून पाव निघणार नाही. टगबोटीलाही नाही, पहाऱ्यालाही नाही. माणसांशिवाय म्हातारीला न्यायची काही सोय होईपर्यंत नाही. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. आपण काय बोललो ते कळल्यावर मी घाबरून खाली बसले, तर त्यांना वाटलं मी मोठ्या रुबाबात बसले.

२२ जून

कुठून शहाणपणा सुचला मला? बेकरी काही माझ्या बापाची नाही. उद्या काढून टाकलं तर घरी बसून काय करू?

येलिझार फोमिच नेहमीसारखे शेवटी आले.

"पहाऱ्याचा पाव बंद म्हणे."

"बंद."

"मी त्या यादीत आहे. मलाही बंद?"

"गिऱ्हाईक म्हणून आलात तर मिळेल."

"मग गिऱ्हाईक म्हणून रोज येईन."

"रोज तर येताच की."

"हो," म्हणाले, आणि टोपी हातात घेऊन उगाच उभे राहिले. मी म्हटलं, अजून काही? तर नाही म्हणाले. जाताना दाराची बिजागरी हलवून बघितली. दुपारी मी घरून परत आले तर बिजागरीला तेल घातलेलं. एवढ्यात हात शिवशिवतात या माणसाचे. काम मिळालं नाही की कुणाच्याही दाराशी खेळतो.

९ जुलै

कॅप्टन बेकरीत आले. मला वाटलं, झालं, आता किल्ल्या मागणार. त्यांनी पिठाच्या पोत्यावर बसायची परवानगी मागितली.

"पाणबुडी ओढून नेऊ नका, असं मी वर तीनदा कळवलंय," ते म्हणाले. "माझ्या शब्दाला तिथे वजन नाही. पण पहाऱ्यावरचे खलाशी बिस्किटं खाऊन दिवस काढताहेत, हे कळवल्यावर काल लगेच फोन आला. उपाशी खलाशाला फार वजन असतं."

"मग मी पाव सुरू करू?"

"आताच नको. अजून एक आठवडा उपाशी राहू दे त्यांना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चाळिशीतला माणूस, पण डोळ्यांखाली पार साठीचा झालाय. त्यांना गरम दूध दिलं. पाव दिला नाही. शब्द म्हणजे शब्द. नंतर कळलं, त्यांचे खलाशी काही तितके उपाशी नाहीत. बायका आपापल्या घरून माशाचा रस्सा आणि बटाटे पाठवतात. संप माझा आणि स्वयंपाक सगळ्यांचा.

६ ऑगस्ट

ओढून नेणार नाहीत.

परत लिहिते, म्हणजे मलाच खरं वाटेल. ओढून नेणार नाहीत. परदेशातून एक मोठं जहाज येणार आहे. ते म्हणे स्वतः अर्धं पाण्यात बुडतं, पाणबुडीच्या खाली जातं आणि मग तिला पाठीवर घेऊन वर येतं. म्हातारी पाठीवर, माणसं जहाजात. ते यायला सप्टेंबर उजाडेल. तोवर तिला सांभाळायची.

आज पहाऱ्याला दुप्पट पाव पाठवले. राय या धान्याच्या पिठाचे, जिऱ्याचे. येलिझार फोमिच बाहेर रांग संपायची वाट बघत होते, त्यांना मुद्दाम पुढे बोलावून गरम पाव दिला. त्यांचा चेहरा पडला. शेवटी यायचं म्हणून ठरवून आले असणार, त्यांची घडी मोडली. काही लोकांना चांगली वागणूक सोसत नाही.

४ सप्टेंबर

काल लिहायला बसता आलं नाही. हात अजून भरून आलेत, पण आजच लिहिते.

काल सकाळी ईशान्येचा वारा सुटला. नाश्त्याच्या सुमाराला खाडीत लाटा अशा उभ्या राहायला लागल्या की धक्क्यावरचे दिवे दिसेनात. मग एक आवाज आला, लोखंडाचा, लांबलचक. मी बेकरीच्या दारात आले तर म्हातारी एका कुशीवर झुकलेली. डाव्या टाकीचा पट्टा तुटला होता आणि टाकी अर्धी सुटून तिच्याच अंगावर आदळत होती.

ती तिथेच बुडाली तर काय, हे आमच्याकडे पोरांनाही समजावून सांगावं लागत नाही. इंधन पोटात, खाडी आमची, मासे आमचे. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जावं असा भोंगा झाला. उस्तीन्याला नोन्नाच्या हाती दिली. ती जाईना, म्हणे रोदियोन कुठे आहे? तो पहाऱ्यावर होता. म्हणजे म्हातारीवरच.

धक्क्यावर गेले तेव्हा येलिझार फोमिच तिच्यावर चढत होते. वेल्डिंगची नळी खांद्यावर, कमरेला दोर. मला बघून ओरडले, "शाळेत जा. इथे काय ठेवलंय?" एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मीही ओरडले, "तुम्हीच जा. तुमचं काय ठेवलंय तिथे?" ते काहीतरी बोलले, पण वाऱ्याने उडवून नेलं.

मग ते टाकीच्या बाजूला खाली उतरले आणि मला करायला काही उरलं नाही. उभी राहून बघणं मला जमत नाही. बेकरीत गेले, भट्टी पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. कुणासाठी, किती, काही विचार नव्हता. मळत राहिले. दर थोड्या वेळाने दारात जाऊन बघायची, म्हातारी आहे का वर. आहे. परत मळायचं.

दुपारी पंप बंद पडला. हे मला नंतर कळलं. आत गुडघाभर पाणी, अंधार, आणि पंपाचं इंजिन गप्प. रोदियोनने ते अंधारात चाचपडत खोललं, साफ केलं आणि चालू केलं. तोवर येलिझार फोमिच बाहेरून लाटांखाली पट्टा जोडत होते. लाव्रेन्तीने त्यांचा दोर धरलेला. दोनदा लाटेने त्यांना काढून नेलं आणि दोनदा त्याने ओढून आणलं.

संध्याकाळ व्हायच्या आत वारा पडला. म्हातारी सरळ झाली नाही, पण अजून झुकलीही नाही. मी हातगाडीवर पाव घालून धक्क्यावर गेले. एकेक जण बाहेर आला. रोदियोन तेलाने काळा, डोळे तेवढे पांढरे. मी त्याला धरलं तर म्हणाला, "सासूबाई, इंजिन होतं की तिथे." आणि हसायला लागला, आणि हसता हसता धक्क्यावर बसूनच गेला.

येलिझार फोमिच सगळ्यात शेवटी. ओठ निळे पडलेले. मी पाव पुढे केला, तर हात इतके आखडले होते की धरता येईना. मी तुकडे करून भरवला. सगळं गाव बघत होतं. बघू दे, माणूस गारठून मेला असता.

"माझ्या तोंडावर ओरडलात तुम्ही," मी म्हटलं.

"माफ करा," म्हणाले. तोंड भरलेलं होतं.

७ सप्टेंबर

रोदियोनचा राग गेला आणि त्याची जागा लाजेने घेतली. आज जेवताना म्हणाला, "सासूबाई, मी म्हाताऱ्याला उगाच शिव्या घातल्या. काल कॅप्टननी सांगितलं. मेमध्ये तो त्यांच्याकडे गेला होता. मी नालायक आहे असं म्हणालाच नाही."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या घरात मूल येणार आहे, माझ्या घरात मांजरसुद्धा नाही. आणि त्या बाईने एकदा नवरा पुरलाय, तिला परत काळे कपडे घालायला लावू नका."

उस्तीन्या माझ्याकडे बघून हसत होती. मी उठून भांडी घासायला घेतली.

म्हणजे बिल्ल्यासाठी नव्हतं. मग मला सरळ का नाही सांगितलं? बादली काय, इंजिन काय, केवढा राग राग केला मी. उस्तीन्याला म्हटलं, मूल होणार म्हणून माणुसकीने वागले बघ, देवमाणूस आहे. ती म्हणाली, "हो आई, मुलासाठीच." आणि नोन्नाकडे पळाली. या पोरीला हल्ली कशाचंही हसू येतं. पोटुशी असताना मलाही असंच व्हायचं.

१८ सप्टेंबर

गेली.

जहाज परवा आलं. त्याची पाठ आमच्या फुटबॉलच्या मैदानाहून मोठी. काल ते आमच्या डोळ्यांदेखत बुडायला लागलं. पोरं किंचाळली, मग समजलं असंच असतं. टगबोटींनी म्हातारीला हळूहळू त्याच्यावर ढकललं आणि जहाज पाणी सोडत वर येऊ लागलं. तिचं पोट आम्ही पहिल्यांदाच बघितलं. शेवाळ, शिंपले, गंज, आणि ठिगळांवर ठिगळं. गेन्नादी असता तर त्याने टोपी काढली असती. माझ्याशेजारी येलिझार फोमिचनी काढली.

"एवढी ठिगळं तुमची?" मी विचारलं.

"बहुतेक माझीच."

"मग शिवणकामात माझ्यापेक्षा वाईट आहात तुम्ही."

"टाके वाकडे आहेत खरे," ते म्हणाले. "पण उसवले नाहीत."

आज सकाळी जहाज खाडीच्या तोंडातून बाहेर पडलं. गावाने हात हलवला नाही की वाद्य वाजवलं नाही. सगळे नुसते उभे होते. जहाज दिसेनासं झाल्यावर किरणोत्सर्ग मोजणारे लोक यंत्र घेऊन धक्क्यावरून फिरले. यंत्र अधूनमधून टिकटिक करत होतं, घरात करतं तेवढंच. त्यातला एक म्हणाला, "इथे आता खेकडे पकडायला हरकत नाही." नोन्ना म्हणाली, "आधी तू खा, मग आम्ही."

आता पहारा उठणार. कॅप्टन म्हणाले, घरांना ऊब पुरवणारं बॉयलरघर या हिवाळ्यात चालू राहील, पुढचं पुढे बघू. पहारा नाही म्हणजे निम्मं गाव नाही. पुढच्या वर्षी पाव कुणासाठी भाजायचे हा प्रश्न आहेच. पण आज मला त्याची काळजी करवत नाही. दुपारी जेवून आडवी झाले ती थेट संध्याकाळी उठले. आयुष्यात दुपारची झोपले नव्हते.

२५ सप्टेंबर

रोदियोनचा फोन गोदीवरून. तो जहाजाबरोबर गेला होता, माणसांच्या केबिनमध्ये, गादीवर झोपून. म्हातारी कोरड्या जमिनीवर चढली. वाटेत वारं लागलं, पण तिच्या आत कुणीच नव्हतं, त्यामुळे ते वारं नुसतं वारंच राहिलं. आता इंधन काढून घेतील आणि मग तोडतील.

मी बेकरीच्या रांगेला सांगितलं. कुणी ओरडलं नाही. नोन्ना पिठाच्या पोत्यावर बसली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली. मग रांग पुढे सरकली आणि रोजच्यासारखा पाव विकला गेला. बहुतेकांनी एकेक जास्त घेतला.

सगळे गेल्यावर येलिझार फोमिच आले.

"गोदीवाल्यांनी बोलावलंय," म्हणाले. "तिला तोडायच्या कामावर. राहायला खोली देतात."

माझ्या हातातला झाडू थांबला. का थांबला ते विचारू नये. एवढ्या दिवसांची सवय असते माणसाची. "मग कधी निघताय?"

"नाही निघत. एवढी वर्षं तिला वर धरून ठेवली. आता तिच्यावर कटर चालवायला हात उठायचा नाही."

"पण इथे टाक्या राहिल्या नाहीत. करणार काय इथे?"

"ते अजून ठरायचंय," म्हणाले.

मी म्हटलं, बॉयलरघराच्या पाइपांना पुष्कळ काम निघेल. ते म्हणाले, निघेल. मी म्हटलं, शाळेचं छपरही गळतं. ते म्हणाले, हो, ते पण. पाव त्यांना केव्हाच देऊन झाला होता, तरी जाईनात. बाहेर पाऊस नव्हता, कुठे अडकलेत असंही नव्हतं. मला वाटलं, दमलेत. त्या वादळापासून माणूस थोडा खचलाच आहे.

"बस," मी म्हटलं. "चहा टाकते."

ते बसले. टोपी काढून नीट गुडघ्यावर ठेवली, आणि त्यांचे कान लाल झाले.

चहा ओतताना माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. 'बसा' म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत गेन्नादीशिवाय माझ्या वयाच्या कुणा पुरुषाला असं म्हटलं नव्हतं. परत सुधारून म्हणता आलं असतं. साखर किती विचारताना संधीही होती.

"साखर किती घेतोस?" मी विचारलं.